सोयाबीन सोडू नका, गोळीची वेळ सांभाळा

आपल्या लातूर भागात सोयाबीन पोत्यांनी पिकतं, पण ताटात कमीच येतं. आम्ही गटातल्या बायका त्याचं पीठ आणि चकली करून विकतो. विकताना हमखास प्रश्न येतो, "ताई, मला थायरॉइड आहे, चालेल का?"

ही भीती जुनी आहे. १९६०च्या सुमारास अमेरिकेत सोयाबीनच्या दुधावर वाढणाऱ्या काही तान्ह्या बाळांना गलगंड झाला. त्या दुधात आयोडीन घालायला लागल्यावर तो त्रास थांबला. म्हणून रोजच्या स्वयंपाकाला पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलंच मीठ घ्या. खडेमीठ स्वस्त पडतं, हे आम्हालाही कळतं. तरी नको.

खरी गोम आहे ती गोळीच्या वेळेत. थायरॉइड कमी काम करतं म्हणून मिळणारी गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची. पोटात सोयाबीन असेल तर ती अंगी कमी लागते. गोळीनंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. घरातल्या सगळ्यांचा चहा आपणच करायचा आणि आपण थांबायचं, अवघडच आहे! पण उठल्या उठल्या गोळी घेतली, की झाडलोट होईपर्यंत तेवढा वेळ जातो. सोयावडी किंवा सोयाबीन दुपारी, रात्री खा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चार तास लांब ठेवा. आपण सगळ्या एकाच घोटात घेतो, तिथेच बिघडतं.

सोयाबीनमध्ये साधारण ४० टक्के प्रथिनं असतात, तूरडाळीच्या जवळपास दुप्पट. ज्या घरात अंडी-मटण होत नाही, तिथल्या बाईने ते कशाला सोडायचं? नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन पुरे. कच्चं दळू नका. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकडून, वाळवून मग गिरणीत न्या. आणि एक महिना रोज, पुढचा महिना बंद, असं करू नका. रोज खायला लागलात तर डॉक्टरांना सांगा. ते दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासून गोळी कमी-जास्त करतील.

आमच्यातल्या एकीने सोयाबीन सोडलं आणि 'आता पथ्य पाळतेय' म्हणून गोळीही सोडली. काही महिन्यांत चेहरा सुजला, केस गळायला लागले, शेतात उभं राहवेना. पथ्याने गोळीचं काम होत नाही. दिवस गेले असतील तर गोळी चालूच ठेवून लगेच डॉक्टरांना गाठा. तेव्हा बहुतेकींना मात्रा वाढवावी लागते.

आता आमच्या पिठाच्या पाकिटावर आम्ही एक ओळ छापतोय: थायरॉइडची गोळी सकाळी, हे पीठ दुपारी.