मूल स्वतःशी बोलते तेव्हा
(अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



अंगणवाडीस भेट देताना मुले गप्प बसलेली पाहून आपणांस समाधान वाटते. 'शिस्त उत्तम' असा शेरा नोंदवहीत पडतो. या शेऱ्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

मोह आवरणे, सांगितलेले ध्यानात ठेवून त्याप्रमाणे करणे आणि नियम बदलताच वागणे बदलणे, यांस मानसशास्त्रात 'कार्यकारी क्षमता' म्हणतात. तीन ते सहा या वयात त्या झपाट्याने वाढतात. एक साधा प्रयोग पाहा. तीन वर्षांच्या मुलास चित्रांचे पत्ते प्रथम रंगाप्रमाणे लावावयास सांगतात, मग आकाराप्रमाणे. नवा नियम विचारला तर ते बहुधा बरोबर सांगते. हात मात्र जुन्याच नियमाने चालतो! पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना हा बदल साधतो.

नियम ठाऊक असणे आणि तो हाती उतरणे, यांमधील दुवा भाषेचा आहे, असे रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांच्या १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून दिसते. 'आता लाल ठेवू, मग मोठा', असे मूल खेळताना पुटपुटते, ती निरर्थक बडबड नव्हे. मोठ्यांनी दिलेली सूचना ते आता स्वतःस देत असते. पुढे हेच बोलणे ओठांआड जाऊन विचार बनते. अर्थात भाषा आली की संयम आपोआप येतो, असे कोणी समजू नये. ज्याचे लक्ष टिकते तो शब्दही लवकर शिकतो. कारण कोणते व परिणाम कोणता, हे अद्याप पुरते उलगडलेले नाही.

मात्र स्वतःस आज्ञा द्यावयाची ती कोणत्या भाषेत? कोरकू वा गोंडी बोलणाऱ्या मुलास केवळ प्रमाण मराठीतून सूचना दिल्या, तर त्याची शक्ती शब्द समजण्यातच खर्ची पडते. कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालवाडीच आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली. अंगणात शाळा गेली, तशी घरची बोलीही शाळेत यावयास हवी.

यास वेगळी तरतूद लागत नाही. 'चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड' हा आपला जुना खेळच घ्या. म्हशीच्या वेळी बोट खाली ठेवावयाचे, म्हणजे शब्द ऐकून हात आवरावयाचा. चार दिवसांनी सेविकेऐवजी मुलांनाच पाळीपाळीने नावे पुकारू द्यावीत. पुढील भेटीत हा खेळ चालू असेल, तर गलबला होईल. तो पाहून 'शिस्त नाही' असा शेरा कृपया लिहू नये.