नाचाचं शिक्षण: दारं कुठे, तारखा केव्हा



दहावी-बारावीनंतर नर्सिंग, आयटीआय, पोलीस भरती यांची माहिती आपण या कार्यक्रमात नेहमी देतो. आज वेगळ्या शिक्षणाबद्दल बोलू. आज बोलू नाचाच्या शिक्षणाबद्दल. विद्यापीठात नाच शिकता येतो, त्याची पदवी मिळते, त्यासाठी शिष्यवृत्ती असते, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊकच नसतं. ठाऊक होतं तेव्हा अर्जाची तारीख निघून गेलेली असते.

आपल्या दोन जिल्ह्यांत नाच काही कमी नाही. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडे पंडुम असो की लग्न, रेल्याचा फेर धरल्याशिवाय रात्र सरत नाही. जिवती, कोरपना, राजुऱ्याच्या गुड्यांवर ढेमसा आहे. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा हा तर झाडीपट्टीचा मुलूख. धान घरात आलं की दंडार आणि नाटकं, दिवाळीपासून होळीपर्यंत. म्हणजे आपल्या पोरी नाच पाहत, नाचतच मोठ्या होतात. पण शाळेत जायला लागल्या की आपणच सांगतो, “नाच पुरे, अभ्यास कर.” नाच हाही अभ्यास होऊ शकतो, हे आजचं सांगणं.

आधी एक फरक समजून घेऊ, नाहीतर पुढे निराशा होते. विद्यापीठातला नृत्य विभाग म्हटलं की तिथे बहुतेक ठिकाणी कथक, भरतनाट्यम यांसारखे शास्त्रीय नाच शिकवतात. त्याची बाराखडी वेगळी. पायात घुंगरू बांधून रोज काही तास एकच बोल घोटावा लागतो, तालाची गणितं पाठ करावी लागतात, नृत्याचा इतिहास लिहावा लागतो. रेला चांगला येतो म्हणून कथकच्या वर्गात थेट प्रवेश मिळेल असं नाही. मात्र ज्या पोरीच्या अंगात ताल आहे, जी सगळ्यांसोबत पाऊल मिळवून तासन्‌तास फेरात टिकते, तिची निम्मी तयारी गावानेच करून दिलेली असते.

आता दारं कुठे कुठे आहेत ते पाहू.

पहिलं दार सगळ्यात जवळचं. आपलं गोंडवाना विद्यापीठ २७ सप्टेंबर २०११ ला गडचिरोलीत स्थापन झालं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. तुमची पोरगी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. काहीही शिकत असो, महाविद्यालयाच्या युवा महोत्सवात ती नाचू शकते. त्यासाठी नृत्याची पदवी लागत नाही. तिथून निवड झाली की पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव आहे. तो २००३ पासून भरतो. त्याच्याही पुढे देशपातळीवरचा आंतरविद्यापीठ युवा महोत्सव. त्याच्या नियमांत लोकनृत्य आणि आदिवासी नृत्याची स्पर्धा वेगळी आहे. नाचणारे दहापर्यंत, वाजवणारे-गाणारे पाचपर्यंत, वेळ दहा मिनिटांच्या आत.

त्या नियमांतली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. संघाला आपल्या नाचाबद्दल लिहून द्यावं लागतं. हा नाच कशावर आहे, गाण्याचे शब्द काय, हे सगळं कागदावर. आता सांगा, हे कुणाला विचारायचं? महाविद्यालयातल्या सरांना माडिया गाणं येत असेलच असं नाही. ते येतं आपल्या सासूला, आपल्या आत्याला, गावच्या म्हाताऱ्यांना. म्हणजे या परीक्षेतल्या शिक्षिका आपणच आहोत.

आणि आपण सांगितलं नाही तर काय होतं, तेही पाहतो. कुठल्याशा मोबाईलवरचा नाच पाहून पोरं कमरेला पाला बांधतात, तोंडाला काळे-पांढरे पट्टे ओढतात आणि ‘आदिवासी नृत्य’ म्हणून मंचावर उड्या मारतात. पाहणाऱ्यांना वाटतं, हे लोक असेच असतात. आपल्याच नावाने, आपला नसलेला नाच. त्यापेक्षा आपली पोरगी आपल्या लुगड्यात, आपल्या दागिन्यांत, आपल्या गाण्यावर साधा फेर धरेल तर ते खरं.

यात एक काळजी घ्यायची. प्रत्येक नाच मंचावर नेण्याचा नसतो. जिवतीच्या पलीकडे, तेलंगणात, गोंड लोकांचा गुसाडी नाच आहे. तो शिकवणारे कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गुसाडीचा मोरपिसांचा टोप हा दिवाळीच्या दिवसांत, नेमाने घालण्याचा. आपल्याकडेही काही गाणी देवाची असतात, काही मरणाची, काही फक्त लग्नाची. कोणतं गाणं बाहेर न्यायचं आणि कोणतं नाही, हे गायता, भूमिया, गावच्या जाणत्या बाया यांना विचारूनच ठरवावं. पोरींना एकटं ठरवायला लावू नये.

दुसरं दार शेजारच्या राज्यात आहे, पण पुण्या-मुंबईपेक्षा जवळ. छत्तीसगडमधलं खैरागड. डोंगरगडच्या बमलाई मातेला आपल्यातल्या कितीतरी जणी जाऊन आल्या असतील. खैरागड तिथून फार लांब नाही. वडशाहून रेल्वेने गोंदिया, पुढे डोंगरगड किंवा राजनांदगाव आणि तिथून रस्त्याने खैरागड. तिथे संपूर्ण विद्यापीठच संगीत आणि कलांचं आहे. नाव इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते सुरू झालं. खैरागडचे राजे बीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांची लेक इंदिरा लहानपणीच गेली. तिच्या आठवणीत त्यांनी आपला राजवाडा या शिक्षणासाठी दिला. आज त्या राजवाड्यात कथक, भरतनाट्यम, ओडिसी शिकवतात. शिवाय लोकसंगीत आणि लोककलांचाही विभाग आहे, तो आपल्या पोरींसाठी विशेष ध्यानात ठेवण्यासारखा. शिकवणं मुख्यतः हिंदीत चालतं. आपल्या पोरींना हिंदी अवघड नाही.

तिसरं दार पुण्यात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, १९८७ पासून. तिथे नृत्य, संगीत, नाट्य यांची पदवी घेता येते. गुरुकुल पद्धत आहे, म्हणजे गुरूंपुढे बसून शिकायचं. प्रवेशाच्या वेळी नाच करून दाखवावा लागतो. त्यामुळे तिथे जायचं तर दोन-चार वर्षं आधीपासून शिकलेलं हवं. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. पदवी झाल्यावर लोककलेचं पुढचं शिक्षण तिथे करता येतं. दंडार, खडी गंमत पाहत वाढलेल्या पोरीला तिथे सांगण्यासारखं पुष्कळ असेल.

चौथं दार नागपूरचं. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, केंद्र सरकारचं. ते लोककलाकारांचे कार्यक्रम घेतं. त्यांच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत गावातला जाणता कलाकार गुरू होतो आणि पोरं-पोरी त्याच्याकडे शिकतात. दोघांनाही मानधन मिळतं. गावात कुणी म्हातारा ढोल जाणणारा असेल, कुणी म्हातारी शेकड्याने गाणी जाणणारी असेल, तर त्यांच्यासाठी ही योजना आहे. हिवाळ्यात त्या केंद्राच्या आवारात हस्तकला मेळा आणि लोकनृत्याचा समारोह भरतो. गटाची सहल काढायची तर तिथे काढा. बांबूच्या वस्तू विकणाऱ्या गटांनाही बाजार पाहायला मिळेल.

लहान पोरींसाठीही सोय आहे. दिल्लीला सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र आहे, त्याला सीसीआरटी म्हणतात. १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी त्यांची शिष्यवृत्ती असते. देशभरातून ६५० मुलं निवडतात. त्यात पारंपरिक कला करणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी आणि आदिवासी मुलांसाठी वेगळ्या जागा ठेवलेल्या असतात. १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी केंद्र सरकारची दुसरी शिष्यवृत्ती आहे, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यात लोककलाही धरतात. रकमा आणि अटी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात पाहूनच अर्ज भरा. आणि दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय नृत्य आणि लोककला करणाऱ्यांना वाढीव गुण मिळतात. त्यासाठी प्रयोगांची नोंद आणि मान्यता असलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. दंडारीत पोरं नाचतात, पण वहीत कुणी लिहून ठेवत नाही. आजपासून लिहा. तारीख, गाव, कार्यक्रम, एवढं पुरे.

आता तारखा. आपलं वर्ष शेतीवर चालतं, म्हणून तसंच सांगतो. तेंदूपत्त्याचे दिवस, म्हणजे मे महिना. बारावीचा निकाल आला की प्रवेशाच्या जाहिराती सुरू होतात. रोवणीपर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत, बहुतेक अर्ज आणि चाचण्या होऊन जातात. नेमकं तेव्हाच आपण बांधीत वाकलेल्या असतो आणि पोरगीही सोबत असते. इथेच संधी हातची जाते. पोळ्याच्या आसपास महाविद्यालयात युवा महोत्सवाची निवड सुरू होते. त्यासाठी सांस्कृतिक विभागाच्या सरांकडे नाव आधीच द्यावं लागतं. धानाची कापणी, मंडई, शंकरपट या दिवसांत पुढच्या स्पर्धा आणि नागपूरचे कार्यक्रम असतात. मोहफुलं पडायला लागली की वार्षिक परीक्षा. आणि पुन्हा मे महिना.

कागदपत्रं आधी काढून ठेवा. जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं खातं आधारला जोडलेलं. वैधतेला वेळ लागतो. पोरगी अकरावीत असतानाच अर्ज टाका. आदिवासी मुलींनी शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि स्वयम योजना यांची विचारणा प्रकल्प कार्यालयात करावी. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर अशी आपली पाच प्रकल्प कार्यालयं आहेत. खैरागडला, म्हणजे राज्याबाहेर शिकायचं असेल तर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा आणि कुठे करायचा, हे जाण्याआधी तिथे विचारा. प्रवेश झाल्यावर विचारलं तर पहिल्या वर्षीची फी घरून भरायची पाळी येते.

मैत्रिणींनो, आता मनातली गोष्ट. “पोरगी नाच शिकते” म्हटलं की गावात काय बोलतात, ते आपण ऐकलेलं आहे. झाडीपट्टीत पूर्वी बाईची सोंगं पुरुष घेत, कारण बाईने मंचावर जाणं मानाचं नव्हतं. आता बाया नाटकात काम करतात, त्यावर त्यांची घरं चालतात, तरी त्यांना नाव ठेवणारे आहेतच. आणि तेच लोक तिकीट काढून पहिल्या रांगेत बसतात. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्यांनी अभिमानाने टाळ्या वाजवल्या. कलावंत पुरुष असला की अभिमान आणि पोरगी असली की कुजबुज, हा हिशेब आपण आपल्या घरात तरी मोडायला हवा.

पण भीती सगळीच खोटी नसते. पोरगी दूर जाते, तेव्हा आईने प्रश्न विचारलेच पाहिजेत. वसतिगृहात जागा नक्की आहे का? कार्यक्रमाला बाहेरगावी नेतात तेव्हा सोबत बाई शिक्षिका असते का? तक्रार करायची तर महिला तक्रार समिती कुठे बसते? असे प्रश्न विचारणं म्हणजे अडवणं नव्हे. जी संस्था नीट आहे ती नीट उत्तर देते. आणि ‘टीव्हीवर संधी देतो, आधी पैसे भरा’ म्हणणारा गावात आला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. विद्यापीठाची फी पावतीवर घेतात.

नोकरीचंही खरं सांगतो. नृत्याची पदवी घेतली की लगेच सरकारी नोकरी, असं नाही. शाळेत नृत्य शिकवणं, स्वतःचा वर्ग काढणं, कार्यक्रम करणं, पुढे अभ्यास करून प्राध्यापक होणं, हे रस्ते आहेत आणि सगळे मेहनतीचे आहेत. म्हणून ज्या पोरीला खरीच ओढ आहे, तिलाच पाठवा. बाकीच्यांसाठी युवा महोत्सव आहेच. बी.एस्सी. करत करतही रेला नाचता येतो.

आता गटाचं काम. पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की तीन गोष्टी करा. एक, आपल्या गटातल्या घरांत आठवीपासून पुढे शिकणाऱ्या किती पोरी नाचतात, त्यांची नावं लिहा आणि त्यांना विचारा, शिकायचं आहे का. दोन, गावातल्या सगळ्यात जास्त गाणी येणाऱ्या दोन म्हाताऱ्या बायांना बैठकीला बोलवा आणि पोरींना त्यांच्यापुढे वही घेऊन बसवा. गाण्याचे शब्द गोंडीत, माडियात, झाडीत, जसे असतील तसेच लिहून घ्या. तीन, ग्रामसंघात ठराव घ्या की मे-जून महिन्यात ज्या पोरीला प्रवेश चाचणीला जायचं असेल, तिच्या प्रवासासाठी गट कर्ज देईल आणि तिच्या वाट्याची रोवणी बाकीच्या जणी करतील. आजारपणाला आपण कर्ज देतो, बियाण्याला देतो. या कामालाही देऊ.

नाच आपल्या गावातून कुठे जाणार नाही, असं आपल्याला वाटतं. पण ज्या म्हाताऱ्या बाया ती गाणी जाणतात, त्या दरवर्षी कमी होत आहेत. विद्यापीठाचं दार उघडं आहे तोवर आपली एक तरी पोरगी ती वही घेऊन तिथे पोचली पाहिजे.

ऐकत राहा, बैठकीत बोलत राहा. जोहार, जय सेवा.