शिंपल्यांच्या ढिगाचं वय

डेन्मार्कच्या उत्तर भागात, लिमफ्योर्डच्या काठी एर्टेबोले इथं अश्मयुगीन माणसांनी खाऊन टाकलेल्या कालवांच्या शिंपल्यांचा सुमारे 140 मीटर लांब आणि जवळपास 2 मीटर जाड ढीग आहे. त्यात मासळीचे काटे, जनावरांची हाडं, चुलींची राखही सापडते.

याचं वय कसं काढतात? सजीव मेला की त्यातला किरणोत्सारी कार्बन घटू लागतो. 5,730 वर्षांत तो निम्मा होतो. पण शिंपला फसवतो! समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असल्यानं तो साधारण 400 वर्षांनी जास्त जुना भासतो. म्हणून त्याच थरातला कोळसा किंवा हरणाचं हाडही तपासतात आणि फरक वजा करतात.

तळापासून माथ्यापर्यंतचे नमुने तपासल्यावर कळलं, की हा ढीग सात-आठशे वर्षं वाढत होता. म्हणजे सरासरी वर्षाला फक्त अडीच मिलिमीटर! मात्र ही निव्वळ सरासरी. एका हंगामात एखाद्या जागी हातभर थर साचायचा, मग कित्येक वर्षं तिथं कुणी फिरकायचंही नाही. त्यामुळे ढिगाची जाडी पाहून वयाचा अंदाज बांधता येत नाही. प्रत्येक थराची तारीख स्वतंत्रपणे काढावी लागते.