मुदत संपलेले प्रमाणपत्र आणि अडलेली छपाई



शाळा सोडल्याचा दाखला संगणकावर तयार आहे, विद्यार्थी व पालक दाराशी उभे आहेत, आणि पडद्यावर ‘सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे’ अशी अक्षरे उमटतात. प्रिंटरमध्ये कागद आहे, शाई आहे, तारही शाबूत आहे. तरी छपाई होत नाही. या अडचणीचे मूळ ध्यानी घेतले, तर तिचे निवारण बहुधा कार्यालयातच करता येते.

प्रमाणपत्राचे प्रयोजन

अनेक संगणक नेटवर्कवरून एकाच प्रिंटरकडे काम पाठवितात, तेव्हा मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो सांकेतिक रूपात धाडण्याची सोय असते. तो योग्य यंत्राकडेच चालला आहे, याची खातरजमा प्रिंटरच्या प्रमाणपत्रावरून होते. त्यात यंत्राचे नाव, प्रमाणपत्र देणाऱ्याची सही आणि मुदतीच्या आरंभाची व अखेरीची तारीख असते. पुष्कळ प्रिंटर हे प्रमाणपत्र स्वतःच तयार करतात. म्हणून त्याची अखेरची तारीख कोणाच्याही टिपणवहीत नसते. ती उलटली की काही संगणक केवळ इशारा देतात, तर काही काम नाकारतात.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अधिकाऱ्यांना मिळणारे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र निराळे. त्याचे नूतनीकरण केल्याने प्रिंटरचा दोष दूर होत नाही.

उपाययोजना

प्रथम संगणकाची व प्रिंटरची तारीख पाहावी. संगणकातील लहान बॅटरी निकामी झाली म्हणजे घड्याळ भलतेच वर्ष दाखविते आणि चांगले प्रमाणपत्रही मुदतबाह्य ठरते. तारीख दुरुस्त करताच पुष्कळदा काम सुरू होते.

तारीख बरोबर असेल, तर ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता लिहून त्याचे मांडणीपृष्ठ उघडावे. तेथील सुरक्षाविषयक विभागात प्रमाणपत्राची मुदत दिसते व नवे तयार करण्याची सोय बहुधा तेथेच असते. नवे प्रमाणपत्र तयार करून प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करावा. छपाई लिनक्स संगणकामार्फत होत असेल, तर त्यावरील ‘कप्स’ प्रणालीचे प्रमाणपत्रही तपासावे.

एवढ्यावर काम संपत नाही. संगणकांनी जुन्या प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवलेली असते. ती काढून नवे स्वीकारावे लागते. स्वीकारण्यापूर्वी पडद्यावरील ओळखखूण प्रिंटरच्या मांडणीपृष्ठावरील खुणेशी ताडून पाहावी. तसेच रांगेत अडकलेली जुनी कामे आधी रद्द करावीत. अन्यथा एकाच दाखल्याच्या दहा प्रती बाहेर पडतात.

टाळावयाच्या गोष्टी

घाईच्या वेळी तपासणीच बंद करण्याचा किंवा घड्याळ मागे नेण्याचा मोह होतो. हे दोन्ही उपाय घातक होत. तपासणी बंद केल्यास परीक्षेच्या प्रश्नपत्रिका किंवा लाभार्थ्यांच्या याद्या भलत्या यंत्राकडे जाण्याचा धोका राहतो. घड्याळ मागे नेल्यास नव्या कागदपत्रांवर चुकीच्या तारखा पडतात. आणि शासकीय कागदाची विश्वसनीयता तारखेवरच उभी असते.

नोंदीची शिस्त

मुदती आखूड करण्याकडे जगाचा कल आहे. संकेतस्थळांसाठी ब्राउझर मान्य करतात अशा सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवसांवर आली. १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवस करण्याचे २०२५ साली ठरले. प्रिंटरने स्वतः तयार केलेल्या प्रमाणपत्रांना हा नियम लागू नाही. तथापि त्यातील बोध लागू आहे.

म्हणून जडसंग्रह नोंदवहीत प्रत्येक प्रिंटरपुढे प्रमाणपत्राच्या अखेरीची तारीख लिहावी आणि ती उलटण्याच्या महिनाभर आधी नूतनीकरण करावे. दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा एक हेलपाटा वाचला, तर त्या एका ओळीच्या नोंदीचे सार्थक झाले.