राजमुकुट आणि सदसद्विवेक
(अभ्यासवर्गातील बौद्धिकाचे शब्दांकन)



युरोपातील धर्मकलहाचा विषय निघाला की आपल्याला जर्मनीतील मार्टिन ल्यूथर आठवतो. आज मी बोलणार आहे ते इंग्लंडविषयी. तेथे जुन्या चर्चशी फारकत झाली ती राजाच्या विवाहाच्या प्रश्नावरून.

आठवा हेन्री १५०९ साली गादीवर आला तो निष्ठावंत कॅथलिक म्हणून. ल्यूथरच्या खंडनार्थ त्याच्या नावे ग्रंथ निघाला आणि १५२१ मध्ये पोपने त्याला ‘धर्मरक्षक’ ही पदवी दिली. पुढे पोपशी संबंध तुटले, पदवी मात्र टिकली. ब्रिटनच्या नाण्यांवर तिची आद्याक्षरे आजही असतात. कॅथरिन राणीला मुलगा नव्हता, राजाचे मन दरबारातील अॅन बोलीनवर जडले होते, आणि पोप पहिला विवाह रद्द ठरवीत नव्हता. पोपची अडचणही निव्वळ शास्त्राची नव्हती. १५२७ साली ज्याच्या सैन्याने रोम लुटले, तो सम्राट पाचवा चार्ल्स कॅथरिनचा सख्खा भाचा होता!

अखेर १५३४ साली पार्लमेंटने राजालाच इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरविले, आणि लगोलग दुसऱ्या कायद्याने ही पदवी शब्दाने नाकारणे हाही राजद्रोह ठरविला. थॉमस मोर हा माजी लॉर्ड चॅन्सेलर, राजाच्या स्नेहातला. त्याने विरोधात भाषण केले नाही, बंड तर नाहीच. तो शपथ घेईना आणि कारणही सांगेना. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. अर्थात, मोर अधिकारपदावर असताना पाखंडी ठरलेल्यांना जिवंत जाळण्यात आले होते, हेही आपण विसरू नये.

त्यानंतर पाळी आली मठांची. १५३६ ते १५४० या काळात सुमारे ८०० मठ बंद झाले. सोनेनाणे खजिन्यात गेले, जमिनी दरबारी मंडळींना आणि जमीनदारांना विकल्या किंवा बहाल केल्या गेल्या. उत्तरेकडील जनता १५३६ साली या धोरणाविरुद्ध उठली. तिचा नेता रॉबर्ट आस्क याला पुढच्या वर्षी यॉर्क येथे फाशी झाली. या जमिनींचे महत्त्व ध्यानी घ्या. पुढे मेरी राणीने पोपची सत्ता परत आणली, पण मठांच्या जमिनी नव्या मालकांच्या हातून सोडविणे तिलाही जमले नाही. श्रद्धा बदलता आली, सातबारा बदलता आला नाही, असे आपण आपल्या भाषेत म्हणू.

हे सारे घडविणारा थॉमस क्रॉमवेल पटनीच्या एका लोहाराचा मुलगा. त्या दरबारात पराक्रमापेक्षा सान्निध्याला मोल होते. राजाच्या शौचविधीची व्यवस्था पाहणारा सेवकही मोठा मातब्बर मानला जाई, कारण राजाच्या कानाशी तो सर्वांत जवळ! क्रॉमवेलने राजासाठी चौथी वधू शोधली, ती राजाला रुचली नाही, शत्रूंना संधी मिळाली आणि २८ जुलै १५४० रोजी त्याचेही मस्तक उडाले. दोनच दिवसांनी लंडनच्या स्मिथफील्ड मैदानात एकाच दिवशी सहा जणांना मारण्यात आले. तिघे कॅथलिक, कारण ते राजाचे धर्मप्रमुखपद मानीत नव्हते. तिघे प्रॉटेस्टंट, कारण ते पाखंडी ठरले. आपल्याकडे राजधर्म म्हणजे राजाने पाळावयाचा धर्म; तेथे तो प्रजेच्या गळ्यातील फास झाला होता.

हेन्री १५४७ साली वारला. पुढच्या अकरा वर्षांत पुत्र एडवर्डने राज्य प्रॉटेस्टंट केले, कन्या मेरीने ते पुन्हा कॅथलिक केले आणि सुमारे २८० जणांना जाळले. १५५८ साली एलिझाबेथ आली. पुढील वर्षी कायदा झाला: रविवारी सरकारी चर्चमध्ये न जाणाऱ्यास बारा पेन्स दंड. १५७० साली पोपने राणीला बहिष्कृत करून प्रजेला राजनिष्ठेतून मुक्त केले, तेव्हापासून प्रत्येक कॅथलिक फितूर असल्याचा संशय बळावला. १५८१ मध्ये तोच दंड महिन्याला वीस पौंड झाला. राणीच्या खासगी प्रार्थनागृहात मात्र क्रूस आणि मेणबत्त्या होत्या, आणि तेथील संगीतकार विल्यम बर्ड स्वतः कॅथलिक होता!

याच दरबारात थॉमस पाउंड नावाचा देखणा सरदार होता. राणीसमोर नृत्य करताना तो घसरून पडला आणि राणीने लाथ मारून ‘ऊठ, बैलोबा’ अशा अर्थाचे उद्गार काढले, असे सांगतात. त्या अपमानानंतर त्याने दरबार सोडला आणि तो कॅथलिक पंथाच्या गुप्त कार्यात शिरला. सुमारे ३० वर्षे त्याने निरनिराळ्या तुरुंगांत काढली. त्याचा एक तरुण सोबती मात्र निसटून रोमला पोहोचला आणि जेझुइट झाला. तो सोबती म्हणजे थॉमस स्टीफन्स, आपल्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला फादर स्टीफन्स.

१५७९ साली तो गोव्यात उतरला, तेव्हा तेथे धर्मन्यायासन स्थापन होऊन १९ वर्षे झाली होती. ज्या साष्टीत तो आयुष्यभर राबला, तेथील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. कुंकळ्ळीच्या ग्रामप्रमुखांना १५८३ साली वाटाघाटीला बोलावून ठार करण्यात आले, तेही त्याच साष्टीत. स्वदेशात राजसत्तेने ज्याच्या श्रद्धेला गुन्हा ठरविले, तो येथे दुसऱ्या राजसत्तेच्या छत्राखाली परक्यांची श्रद्धा पालटावयास आला. या विसंगतीची त्याला कधी टोचणी लागली का, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. तो विचारतानाच त्याचे मराठीवरील प्रेम खरे होते, हेही मान्य करू.

पाउंड १५१५ च्या नव्हे, १६१५ च्या इंग्लंडात मरण पावला. तोवर एलिझाबेथही गेली होती. पुढच्याच वर्षी रायतूरच्या छापखान्यातून ‘ख्रिस्तपुराण’ बाहेर पडले: भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी रोमन.