घर नाही, चारा नाही, अन् पोरं सोडता का जी?

(मदतगारांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



नवी कल्पना सुचावी कशी आणि ती प्रत्यक्षात उतरवावी कशी, यावर बोलायला मला सांगितले आहे. सुचण्याबद्दल मला फारसे सांगता येणार नाही. मला सुचलेल्या बहुतेक कल्पना कागदावरच राहिल्या. पण दुसऱ्याला सुचलेली कल्पना कानाआड कशी करावी, हे मला चांगले ठाऊक आहे.

बारा वर्षांपूर्वी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात आपली बैठक झाली होती. गोंड आणि ढिवर घरे मिळून एक गट तयार झाला होता. त्यांच्या तलावात आपण रोहू-कटलाची बोटुकली सोडणार होतो. सगळे ठरले, आणि मागे बसलेले एक म्हातारे ढिवर बाबा म्हणाले, "घर नाही, चारा नाही, अन् पोरं सोडता का जी?" लोक हसले. मीही हसलो. त्या रात्री मी वहीत लिहिले : 'एका वृद्धाची हरकत. तांत्रिक माहिती नाही. काम पुढे चालू.'

दोन वर्षे आपण मत्स्यबीज सोडले, दोन्ही वर्षे जाळ्यात जेमतेम मासळी आली. पेत्रालाही रात्रभर काही मिळाले नव्हते, पण त्याच्या सरोवरात मासे होते तरी. आमच्या तलावात ते टिकतच नव्हते.

आपल्यापैकी जे नागपूर-मुंबईहून आले आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागात साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. पुढे मालगुजार त्यांची देखभाल करत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. कागदोपत्री 'माजी मालगुजारी', म्हणून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. धानाच्या बांधीला पाणी देणारा हा मामा पुढे पोरका झाला. गाळ साचला, काठाने बेशरम माजली. बेशरमला गुरे तोंड लावत नाहीत, आणि ती जिथे वाढते तिथे दुसरे काही वाढू देत नाही.

त्याच काळात आपल्याच जिल्ह्यात काही माणसे त्या बाबांसारखाच विचार करून कामाला लागली होती. ढिवर समाजातले जाणते मच्छीमार पतीराम तुमसरे यांना पाण्यातल्या वनस्पती आणि मासे यांचे नाते पाठ होते. मनीष राजनकर आणि त्यांच्या 'फीड' संस्थेने ते ज्ञान अडाण्याचे म्हणून बाजूला न सारता त्याच्यावरच काम उभे केले. निमगावच्या शालू कोल्हे आणि त्यांच्यासारख्या बायका त्यात पुढे आल्या. पद्धत ऐकायला साधी आहे. बेशरम मुळासकट काढायची. उन्हाळ्यात पाणी उतरले की तळ नांगरायचा. मग दुसऱ्या चांगल्या तलावातून चिला, गाद, देवधान अशा वनस्पती आणून लावायच्या. काही पाण्याखाली वाढतात, काही वर तरंगतात, काही काठाला धरून राहतात. माशाची अंडी त्यांना चिकटतात, पिलांना लपायला जागा मिळते, बारीक किडे खायला मिळतात. गवत्या मासा सोडायचा नाही, कारण तो हेच सगळे खाऊन टाकतो.

मी तिथे उशिराच गेलो. काठावर उभा राहिलो आणि मला बाबांचे वाक्य शब्दन् शब्द आठवले. घर आणि चारा! परत येऊन त्यांना भेटायचे ठरवले, तर ते वारले होते.

त्यांची सून आज आपल्या गटाची प्रमुख आहे. तिने माझी सगळी हकीगत ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "मग आता करायचं का, गुरुजी?"

करायचे म्हणजे काय, ते तिच्याकडून शिकलो. कल्पना एका वाक्याची होती, काम दोन वर्षांचे निघाले. बेशरम काढण्याचे काम रोजगार हमीच्या आराखड्यात यावे म्हणून या बायका तीन ग्रामसभांना गेल्या. दोनदा गणपूर्तीच झाली नाही. तळ नांगरायला ट्रॅक्टरवाला तयार होईना, गाळात रुतेल म्हणून. शेवटी बैलांनी नांगरला. वनस्पती आणायच्या त्या नेमक्या रोवणीच्या तोंडावर, म्हणजे मजुरी बुडवून. पहिल्या वर्षी लावलेली निम्मी रोपे म्हशींनी तुडवली. मग गुराख्यांशी बोलून एक घाट गुरांसाठी सोडला, तेव्हा भांडण मिटले.

या सप्टेंबरात तिने मला काठावर बोलावले. गवताच्या कडेला मरळीच्या पिलांचा लालसर पुंजका फिरत होता, आणि खाली त्यांची आई. आपण एकही मरळ सोडलेली नव्हती.

आता अडचण. गटाने ठरवले आहे की अर्ध्या तलावात आणखी एक वर्ष जाळे टाकायचे नाही. चौदा घरे या तलावावर जगतात. वर्षभर अर्धी मासळी म्हणजे काय, ते या सभागृहात बसून कळत नाही. एका घराने आत्ताच नाही म्हटले आहे, आणि मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या घरी दोन मुले आश्रमशाळेतून सुटीला येतात, तेव्हा ताटात काही लागते.

जेवणानंतर कार्यकारी मंडळापुढे हाच विषय आहे. यंदाची मत्स्यबीजाची रक्कम त्या चौदा घरांच्या धान्यासाठी द्यावी, असा अर्ज गटाने माझ्याजवळ दिला आहे. खाली चौदापैकी तेरा अंगठे आणि सह्या आहेत. माझी जुनी वहीही मी सोबत आणली आहे. ती ओळ खोडलेली नाही. अर्ज वाचण्याआधी मी मंडळाला ती वाचून दाखवणार आहे.