अध्यक्षीय भाषण आणि त्याचा आधार
(माले, तालुका मुळशी येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



अध्यक्षांचे भाषण स्मरणिकेत छापले जाते आणि पुढील पिढी त्यासच पुरावा मानते. म्हणून ते सिद्ध करणाऱ्या चिटणिसांची जबाबदारी मोठी. मुळशी धरणाने किती गावे बुडाली, याचे निरनिराळे आकडे आम्ही ऐकतो. गावठाण बुडाले की केवळ शेते, वाडी निराळी धरली की नाही, हे भूसंपादनाच्या निवाड्यांवरून ठरविल्यावाचून आकडा उच्चारू नये. सत्याग्रहाचा आरंभ १६ एप्रिल १९२१ चा; त्या दिवशी रामनवमी होती, हे पंचांगावरून ताडून पाहता येते.

शिवजन्माचेच पाहा. पूर्वी शके १५४९ चा वैशाख मानीत. कारीच्या जेधे घराण्याची शकावली लोकमान्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही मिती निघाली. परमानंदाच्या शिवभारतानेही तिला पुष्टी दिली. तरी शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये! रूढ झालेली मिती हालण्यास एवढा काळ लागतो.

यास्तव आमची विनंती अशी की, कच्च्या प्रतीत प्रत्येक सनासमोर व आकड्यासमोर त्याचा आधार लिहावा. आधार न मिळेल तो मजकूर गाळावा. भाषण आखूड होईल, परंतु ज्ञातीच्या शब्दाची पत वाढेल.